रस्त्यावरचं मूल शाळेत टिकवायचं असेल तर

रस्त्यावर राहणाऱ्या मुलाचं नाव शाळेत घालणं हे एक-दोन सकाळींचं काम आहे. ते मूल पुढच्या मे महिन्यापर्यंत शाळेत जात राहावं, हे वर्षभराचं काम आहे आणि माणसं कमी पडतात ती इथेच. जूनमध्ये दप्तरं वाटायला पुष्कळ जण येतात. ऑक्टोबरमध्ये तेच मूल आठ दिवस वर्गात का आलं नाही, हे विचारायला कुणी नसतं. त्यामुळे इथे प्रवेशाची माहिती आहेच, पण जास्त भर टिकवण्यावर आहे.

मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत ज्यांना रोजच्या रस्त्यावर तीच मुलं दिसतात आणि आठवड्याचे पाच-सहा तास देता येतील, अशा तिघा-चौघांनी मिळून काम सुरू करावं. एकट्याने करू नये. तुमचं आजारपण, बदली, घरातलं लग्न यात महिना जातो आणि तेवढ्यात मुलाची सवय मोडते. सुरुवातीला पाच ते आठ मुलं आणि एकच शाळा पुरे.

मूल कुणाबरोबर राहतं?

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या कार्यपद्धतीत रस्त्यावरच्या मुलांचे तीन गट केले आहेत: आधाराशिवाय एकटी राहणारी, कुटुंबासह रस्त्यावर राहणारी आणि दिवसभर रस्त्यावर असून रात्री वस्तीतल्या घरी जाणारी. तिघांसाठी वाट वेगळी आहे.

एकटं मूल दिसलं, विशेषतः रेल्वे स्टेशनच्या परिसरात, तर शाळेचा विचार नंतर. १०९८ वर फोन करा. हा चोवीस तास चालणारा बालमदत क्रमांक आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे अशा मुलाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावं लागतं आणि मूल कुठे राहील हे समिती ठरवते. कितीही कळवळा आला तरी मुलाला स्वतःच्या घरी नेऊ नका. ते कायद्याला धरून नाही आणि हरवलेल्या मुलाचा शोध घेणाऱ्यांचा मागही त्यामुळे तुटतो.

रात्री वस्तीत परतणाऱ्या मुलाचं नाव बऱ्याचदा जवळच्या शाळेच्या पटावर आधीच असतं, फक्त ते शाळेत जात नसतं. अशा वेळी नवा प्रवेश घेण्यापेक्षा वर्गशिक्षिकेला भेटणं जास्त उपयोगाचं.

पुढचं सगळं मुख्यतः मधल्या गटासाठी आहे: पुलाखाली, फुटपाथवर, पाल टाकून आई-बापासोबत राहणारी मुलं.

पहिले दोन आठवडे फक्त ओळख

दुपारी एक ते चारच्या सुमारास सिग्नलवरची विक्री मंदावते, बायका सावलीला बसतात. तेव्हा जा. दर वेळी त्याच दोन व्यक्ती जाव्यात आणि त्यात एक तरी बाई असावी. आधी आजीशी किंवा आईशी बोला, मुलाशी नंतर. आई, मावशी, आजी म्हणून हाक मारा. खाली बसा, उभं राहून प्रश्न विचारणारा माणूस त्यांना सरकारी वाटतो.

या भीतीला कारण आहे. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९चा कायदा महाराष्ट्रात लागू आहे आणि त्याखाली माणसं उचलून नेणारी गाडी या कुटुंबांनी पाहिलेली असते. पारधी किंवा इतर भटक्या-विमुक्त समाजातल्या कुटुंबांना पोलिसांचा धाक पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यामुळे पहिल्या भेटीत आधार कार्ड मागू नका, वही काढून लिहीत बसू नका आणि फोटो तर कधीच काढू नका. खाऊ, पैसे, जुने कपडेही नेऊ नका. एकदा वाटप झालं की पुढच्या वेळी त्याचीच वाट पाहिली जाते आणि शाळेचं बोलणं मागे पडतं.

ओळख झाल्यावर हळूहळू एवढं समजून घ्या: मुलाचं नाव आणि अंदाजे वय, भावंडं किती, तान्हं बाळ कोण सांभाळतं, गाव आणि तालुका कोणता, गावी कधी जातात, मूल पूर्वी कुठल्या शाळेत होतं का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेत नाव असेल तर यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत मुलाचा कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक असतो आणि नव्या शाळेने तो ऑनलाइन मागवून घ्यायचा असतो. हे न सांगता नवी नोंद केली की एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात आणि पुढे आधार जुळत नाही म्हणून शाळाच अडचणीत येते.

शाळा निवडताना

महापालिकेची सगळ्यात जवळची शाळा, हे बहुतेक वेळा बरोबर उत्तर. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असा नियम आहे. पण अंतरापेक्षा वाट पाहा. शाळेच्या वेळेला, लहान मुलाच्या पावलांनी, स्वतः चालून बघा. मध्ये हायवे असेल आणि पूल नसेल तर अर्धा किलोमीटरही जास्त आहे. मग कोण सोडणार हे आधी ठरवायला हवं.

दुसरी गोष्ट सत्र. कुटुंबाची कमाई संध्याकाळी होत असेल तर सकाळची शाळा चालते, पण रात्री अकरापर्यंत गजरे विकणारं मूल सकाळी सातच्या शाळेत पेंगतं. अशा मुलाला दुपारचं सत्र मिळालं तर पहा. तिसरी गोष्ट माध्यम. घरी पारधी, वडारी, कैकाडी, मारवाडी अशी वेगळीच बोली असेल तरी मुलाला बाजारात मराठी येते की हिंदी, हे ऐकून ठरवा. मुंबई महापालिका आठ भाषांत शाळा चालवते, तेव्हा पर्याय असतो. इंग्रजी माध्यमाचा हट्ट बहुधा कुटुंबाचा नसतो, मदत करणाऱ्याचा असतो. घरी अभ्यास घेणारं कुणी नसताना अनोळखी भाषेत वाचायला शिकणं या मुलांना फार जड जातं.

खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांकडे पहिल्या वर्षी वळू नका. ऑनलाइन अर्ज, राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, ठरावीक तारखा आणि सोडत, या सगळ्यात वर्ष निघून जातं.

प्रवेशाची सकाळ

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यातली चार कलमं तोंडपाठ असू द्या. कलम ४: शाळेत कधी न गेलेल्या किंवा मध्येच सोडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण. कलम ५: जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. कलम १५: वर्ष सुरू झालं म्हणूनही नाकारता येत नाही. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या निकालात सांगितलं आहे.

कलमं पाठ असावीत, पण मुख्याध्यापकांसमोर ती वाचून दाखवू नयेत. याच बाईंची किंवा सरांची वर्षभर गरज लागणार आहे. बहुतेक मुख्याध्यापकांना मूल नको नसतं. त्यांना काळजी असते ती नाव घातल्यावर मूल महिनाभर गायब होण्याची. म्हणून पहिलं वाक्य असं असावं: “मूल दोन दिवस आलं नाही तर मला फोन करा, मी जाऊन बघते.” त्यासाठी क्रमांक लिहून द्या. एवढ्याने बरीच दारं उघडतात. तरीही नकार आलाच तर कारण लेखी मागा आणि केंद्रप्रमुखांकडे (परिसरातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी), मुंबईत विभागाच्या शिक्षण कार्यालयाकडे जा.

जन्मदाखला नसेल तर दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते. तीही नसेल तर पालकाने लिहून दिलेलं घोषणापत्र चालतं. मजकूर साधा ठेवा:

“मी (आईचे नाव), सध्या राहणार (चौकाचे नाव) पुलाखाली, लिहून देते की माझी मुलगी (नाव) हिचा जन्म (दिवस, महिना, वर्ष) रोजी (गाव, तालुका) येथे घरी झाला. जन्माचा दाखला उपलब्ध नाही. वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.”

खाली सही किंवा डाव्या हाताचा अंगठा, तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या. मजकूर आईला वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नका. दोन प्रती करा.

जन्मतारखेवर अर्धा तास घालवा. घाईत ‘१ जून’ लिहून मोकळं होण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण शाळेच्या जनरल रजिस्टरात गेलेली तारीख थेट दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते आणि नंतर बदलणं फार कष्टाचं होतं. आईला वर्ष आठवत नाही, प्रसंग आठवतात. पाऊस होता की ऊन? दिवाळीच्या आधी की नंतर? गावात तेव्हा कुठली निवडणूक होती? टाळेबंदीत हे मूल चालत होतं की कडेवर होतं? पुढचे दुधाचे दात साधारण सहा-सातव्या वर्षी पडतात, तोही एक अंदाज. भावंडांची वयं एकमेकांशी जुळतात का तेही बघा. एकाच आईची दोन मुलं पाच महिन्यांच्या अंतराने नोंदवलेली सापडतात.

दहा वर्षांचं मूल अक्षरओळख नसली तरी चौथी-पाचवीत बसतं, हे पुष्कळांना पटत नाही. पण त्याला पहिलीत बसवलं तर सहा वर्षांच्या पोरांत ते लाजेनेच निघून जातं. वर्ग वयाचा, अभ्यास त्याच्या पातळीचा, हेच धोरण ठीक आहे. विशेष प्रशिक्षण तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत देता येतं. अडचण एवढीच की अनेक शाळांत त्यासाठी वेगळा शिक्षक नसतो. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, त्यामुळे या मुलांचा रोजचा एक तास तुमच्यावर येतो.

रोजचा तास

आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास, पाच ते आठ मुलं, दोन मोठी माणसं. फक्त रविवारी तीन तास घेतले तर मूल रमतं, पण वाचायला शिकत नाही. मधल्या सहा दिवसांत अक्षरं पुसली जातात. चौघांनी वार वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या येतात.

जागा शाळेतच मिळाली तर उत्तम. नाहीतर समाजमंदिर, देवळाचा ओटा, सोसायटीचं वाचनालय. रस्त्याच्या कडेला शिकवावं लागलं तर रहदारीकडे पाठ करून बसवा आणि फळा भिंतीकडे ठेवा. साहित्य फार लागत नाही: सतरंजी, दहा पाट्या, खडूची पेटी, गुंडाळता येणारा फळा, मुळाक्षरांची आणि शून्य ते नऊची कार्डं, शंभर आइस्क्रीमच्या काड्या आणि दहाचे गठ्ठे बांधायला रबरबँड.

पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाची दहा मिनिटांची चाचणी घ्या. एका कागदावर सुटी अक्षरं, दुसऱ्यावर दोन-तीन अक्षरी शब्द, तिसऱ्यावर चार सोप्या ओळींचा उतारा, चौथ्यावर आठ-दहा ओळींची गोष्ट. मूल जिथे अडखळेल ती त्याची पातळी. ‘प्रथम’ संस्थेची सर्वेक्षणं आणि वर्ग याच तत्त्वावर चालतात: मुलाची इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायचे. दर सहा आठवड्यांनी चाचणी पुन्हा घ्या आणि गट बदला.

तासाची विभागणी साधारण अशी: पाच मिनिटं गप्पा, पंधरा मिनिटं मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणं, वीस मिनिटं गटात वाचन-लेखन, पंधरा मिनिटं गणित, शेवटी खेळ. गोष्ट वगळायची नाही. या मुलांना बोट ठेवून वाचून दाखवणारं घरी कुणी नसतं. छापलेल्या ओळीतून आवाज निघतो, हे त्यांना आधी ऐकायला हवं. सगळी बाराखडी घोकून घेऊन मग शब्दांकडे जाणं टाळा. पाच-सहा अक्षरं आणि काना एवढ्यावरच ‘मामा’, ‘काका’, ‘पाला’, ‘माल’ वाचता येतं आणि वाचता आलं की मूल दुसऱ्या दिवशी येतं.

गणितात ही मुलं मागे आहेत असं धरून चालू नका. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्रीचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करणारी मुलं तेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर आलं की अडखळतात, असं त्यात दिसलं. त्यामुळे सुरुवात तोंडी हिशेबाने करा: “बाराला एक गजरा, तीन दिले, पन्नासची नोट आली, किती परत?” उत्तर लगेच येतं. मग तोच हिशेब काड्यांनी मांडा, दशकाचा गठ्ठा सोडून दाखवा आणि त्यानंतरच पाटीवर उभी वजाबाकी लिहा. हातचा घेणं म्हणजे गठ्ठा सोडणं, हे हाताला कळलं की लिखित रीत बसते.

मूल गळतं कुठे

धाकटं भावंड, हे पहिलं कारण. आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर बाळ असेल तर तिचा प्रवेश कागदावरच राहतो. बाळाची सोय आधी करा. तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत बसू शकतात. सेविकाताईंना भेटा, दोन्ही ठिकाणच्या वेळा जुळतात का पहा. त्याहून लहान बाळासाठी आजी किंवा शेजारच्या पालातली मावशी तयार होते का, हे आईशी बोलून ठरवावं लागतं.

दुसरं कारण सणांचा बाजार. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी झेंडे, दसऱ्याला झेंडू, शनिवारी लिंबू-मिरची. हे दिवस कुटुंबाच्या वर्षाच्या कमाईचे असतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं कायद्याने बंद आहे आणि घरच्या उद्योगाला हातभार लावायचा तोही फक्त शाळेच्या वेळेबाहेर. पण हे धाक म्हणून सांगितलं की माणसं जागा बदलतात. वर्षाच्या सुरुवातीला आईबरोबर कॅलेंडर घेऊन बसा, कोणत्या आठवड्यांत ओढाताण होणार ते खुणा करून ठेवा आणि त्या आठवड्यांत निदान अर्धा दिवस शाळा पदरात पाडून घ्या. वर्गशिक्षिकेला आधी सांगितलेलं असेल तर नावापुढे लाल शेरा पडत नाही.

तिसरं, अंघोळ. शेजारी कुणी बसत नाही, ‘वास येतो’ म्हणतात, आणि मूल जाणं सोडतं. गणवेशाचे दोन जोड लागतात, एक पुरत नाही. सार्वजनिक शौचालयाच्या चालकाशी बोलून सकाळी मुलांच्या अंघोळीचे महिन्याचे पैसे ठरवून टाका. उवांचं औषध सगळ्या भावंडांना एकाच दिवशी लावा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा. एकाच डोक्याला लावून काही होत नाही.

चौथं, सामान ठेवायला जागा नसते. प्लास्टिकखाली पुस्तकं भिजतात आणि अतिक्रमण विभागाची गाडी आली की दप्तरासकट सगळं जातं. पुस्तकं शाळेच्या कपाटात ठेवू द्यावीत, अशी विनंती करा. घरी एक वही आणि पेन्सिल पुरते. दाखले, घोषणापत्र, आधार यांच्या प्रती तिघांकडे हव्यात: शाळेत, तुमच्याकडे आणि आईच्या फोनमध्ये. मूळ कागद कधीही स्वतःकडे ठेवून घेऊ नका.

पैसे कुठे द्यावेत

महापालिका शाळेत पुस्तकं, गणवेश आणि पहिली ते आठवी दुपारचं जेवण मोफत आहे. मुंबईत २७ शालेय वस्तू मिळतात. त्यावर पुन्हा दप्तर-वह्या वाटण्यात पैसे घालवू नका. पैसा कमी पडतो तो रिक्षाला, अंघोळीला, चष्म्याला, दातांना आणि पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या पगाराला.

वेळ नसेल तर जुन्या कामाला जोडून घ्या. ‘डोअर स्टेप स्कूल’ १९८८ पासून मुंबईत आणि पुढे पुण्यातही काम करते. बसमध्ये भरणारे वर्ग आणि मुलांना शाळेपर्यंत पोचवणं ही त्यांची ओळख. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली समर्थ भारत व्यासपीठ आणि महापालिकेने २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू केली. कोणत्याही संस्थेला देणगी देण्याआधी दोन प्रश्न विचारा: गेल्या वर्षी दाखल केलेल्यांपैकी किती मुलं आज वर्गात आहेत? आणि बाल संरक्षण धोरण लेखी आहे का? देणगीवर आयकर सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नका. परदेशातल्या मराठी मंडळींनी हेही ध्यानात घ्यावं: भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी निधी धरली जात नाही, ओसीआय कार्डधारकाची धरली जाते आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (विदेशी निधी नियमन कायदा) नोंदणी लागते.

आई किंवा वडील एकच हयात असतील तर राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना विचारून पहा. महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा असतो.

कधीच करू नका

मुलाबरोबर एकट्याने बंद जागेत थांबू नका, त्याला एकट्याने गाडीतून नेऊ नका. अडचणीतल्या मुलाचं नाव, चेहरा, ठावठिकाणा प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने मनाई आहे. वाढदिवस साजरा केल्याचे सोशल मीडियावरचे फोटोही यात येऊ शकतात. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी २०१२च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरच्यांशी बोलून मिटवण्याचा विषय तो नाही.

कुटुंब हललं तर

हे होणारच. कधी गावी यात्रेला, कधी ऊसतोडीला, कधी पूल रिकामा करायला लावला म्हणून. आईला सुरुवातीपासून सांगून ठेवा की निघण्याआधी एक मिस्ड कॉल द्यायचा. हंगामी स्थलांतर असेल तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवून मूल दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकतं. कायमचं जात असतील तर शाळा सोडल्याचा दाखला आणि मुलाची सध्याची वाचनपातळी एका चिठ्ठीवर लिहून द्या. नव्या जागेजवळच्या शाळेचा फोन शोधून मुख्याध्यापकांशी स्वतः बोला आणि आठवड्याने पुन्हा फोन करा. वर्ष हुकलेल्या आणि चौदा ओलांडलेल्या मुलालाही आठवीपर्यंत मोफत शिकण्याचा हक्क कलम ४ देतं. रोज शाळेत जाणं जमणारच नसेल तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत, पुढे दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. त्या फॉर्मसोबतही शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून तो तोपर्यंत सांभाळायला सांगा.